टाच

अठ्ठावीस वर्षं भोसरीत काढली, क्वालिटीत.
खिशात मायक्रोमीटर, कानामागे लाल पेन्सिल.
पिन एका रिंगमधून सुळकन गेली पाहिजे,
दुसरीत अडली पाहिजे.
नाहीतर रिजेक्ट.
आणि अगदीच जीव तुटला तर पिवळा टॅग : रीवर्क.

म्हणून कुमुदसाठी केंद्रं बघायची ठरली तेव्हा
आधी तक्ता आखला, पट्टीनं.
बावीस रकाने.
मुलगा फोनवर हसला, बाबा, टेंडर काढताय का?

बाणेरला लॉबीत मासे होते.
लिफ्टमध्ये लव्हेंडर.
मेट्रन माझ्यापुढे चालत होत्या
आणि दारं त्याच उघडत होत्या.
प्रत्येक उशाशी पाण्याचा तांब्या, काठोकाठ भरलेला,
म्हणजे दुपारी चारपर्यंत कुणीही न प्यायलेला.
घंटीची दोरी वर खिळ्याला गुंडाळलेली.
फळ्यावर गुरुवारचा उपमा, वार शनिवार.
एक बाई कुणालाच न बघता म्हणाल्या, मला खाली जायचंय.
हो आजी, उद्या.
बाई म्हणाल्या, बरं.
त्या ‘बरं’ला माझ्याकडे रकाना नव्हता.
बेरीज आली बावीसपैकी सतरा.
पास.

धायरीला न सांगता गेलो,
भर दुपारी, राउंड नसते त्या वेळी.
खाली टायरचं दुकान, जिना अंधारा,
पॅसेजमध्ये लघवीचा वास. लिहिला.
रंगाचे पोपडे. लिहिले.
रजिस्टरात खाडाखोड. तीही.
आतल्या खोलीत यमुना नावाची बाई
पलंगाच्या पायथ्याशी फतकल मारून बसलेली,
मांडीवर भूगोलाच्या भागवतसरांचा पाय.
उठली नाही.
म्हणाली, थांबा काका, हात गुंतलेत.

मग मलाच शिकवलं :
टाचेला लाल दिसलं की अंगठ्यानं दाबायचं.
पांढरं पडलं, परत लाल झालं, तर रक्त फिरतंय.
लालचं लालच राहिलं
तर आतून सुरुवात झाली म्हणून समजायचं.
वरून कातडी कशी का दिसंना.

मी लिहून घेत होतो.
तिनं मान वर केली :
तुमच्या मंडळींच्या बघितल्यात का कधी?

बसमध्ये जागा होती, बसलो नाही.

घरी शेजारची सून टीव्ही लावून बसली होती.
तिला जा म्हटलं.
कुमुद पलंगावर, दुपारी ठेवून गेलो तशीच,
तशीच म्हणजे अगदी तशीच.
मी मोजे काढले.
सहा महिने मीच घालतोय ते मोजे,
थंडी वाजू नये म्हणून, घट्ट, नीट,
शिवण सरळ.

उजव्या टाचेवर रुपयाएवढं लाल.
अंगठा ठेवला. दाबला. उचलला.
तसंच.
परत दाबला.
तसंच.

हे माझ्या शिफ्टमध्ये झालं.
इथे लॉबी नाही, मेट्रन नाही,
कुणाच्या नावावर टाकू?
तक्ता खिशात होता. वरच्या कोपऱ्यात
संस्थेचं नाव लिहायची जागा.

कुमुदनं डोळे उघडले.
बत्तीस वर्षं ट्रंकलाइनवर होती ती.
आता मी कोण ते आठवत नाही,
पण पायाला कुणी हात लावला की
आवाज अजून तसाच, खणखणीत, सरकारी :
नंबर प्लीज?
मी काय सांगणार?
ती म्हणाली, लाइनवर राहा.

राहिलो.
मग उशी घेतली, पोटरीखाली सारली,
टाच गादीवरून उचलली जाईल अशी.
फट किती हवी ते यमुनेला विचारायचं राहिलं होतं.
गेज नव्हतं.
खाली एक बोट सरकवून बघितलं.
गेलं.