निरगाठ

बंदीचे दिवस. हर्णैच्या वाळूत ओढून घेतलेल्या होड्या,
वर झाप, झापांवर निळं प्लास्टिक,
प्लास्टिकवर फुटके टायर,
आणि ‘जलकन्ये’च्या बर्फाच्या खणात
बारक्या तोडणकर, वय वर्षं अकरा,
हात बांधलेले.
बांधले होते मीच.

त्याआधीचं सांगतो.
मार्चात समुद्रानं पिशव्या आणून टाकल्या
कुर्ल्यांच्या बिळांपाशी, ओल्या, परक्या अक्षरांच्या.
दिग्या म्हणाला, चहापत्ती.
हुजैफनं नखानं खरवडून वास घेतला
आणि बराच वेळ कुणाकडेच बघितलं नाही.
अकरा पिशव्या. सात पोलिसांना नेऊन दिल्या,
पेपरात चौघांचा फोटो आला, शाळेनं नारळ दिला.
चार राहिल्या
आमच्या दुकानामागे, तांदळाच्या कणगीत.

शनिवारी पुण्याच्या गाड्या यायच्या.
भाव आम्ही मासळीतच सांगायचो:
बांगडा म्हणजे पाचशे, सुरमई दोन हजार,
पापलेट फक्त ओळखीच्याला.
बंदरावर बाकीच्यांचे बाप लिलावात घसा फोडत होते,
आम्ही कुजबुजून दुप्पट कमवत होतो.
हुजैफनं बूट घेतले. पांढरे. वाळूत घालायचा.

शार्दूल तोडणकर आमच्यातला चौथा.
शेवटची पिशवी त्याच्याकडे,
तिचे पैसे त्याच्याकडे,
आणि त्या पैशांवर चिपळूणच्या एका माणसाचा डोळा,
ज्याच्याकडून आम्ही उचल घेऊन बसलो होतो.
शार्दूल म्हणाला, उद्या. मग म्हणाला, परवा.
मग त्याचा फोन समुद्रात पडला,
असं त्याच्या आईनं दारातूनच सांगितलं.

भावाला उचलू, दिग्या म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, चल, वडापाव खाऊ.
स्कूटीवर मध्ये बसवला. पोरगं हसत होतं,
त्याला वाटलं दापोलीला नेतायत, पिझ्झा खायला.

पहिल्या रात्री राखण माझी.
सुकटीचा वास, डिझेलचा वास,
खाली उधाणाचं पाणी एकेक दगड उलटून बघत होतं.
अंधारातून तो म्हणाला,
“दादा, ही सुरगाठ हाय. वडली की सुटते.
तुला निरगाठ येत नाय?”

माझा बाप किराणावाला.
मला फक्त पुडी बांधता येते.

त्यानं तोंडानं सांगितलं: वरनं आण, खालनं घे,
आता मागनं. नाय, मागनं. आवळ.
आवळली.
“आता बरी,” तो म्हणाला, आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी बिस्किटं भरवली. त्यानं विचारलं,
माझा दादा आला?
संध्याकाळी पुन्हा विचारलं.
रात्री विचारलं नाही.

तिसऱ्या पहाटे झापांवरची थेंबथेंब थांबली
आणि त्या शांततेनं मी जागा झालो.
खण रिकामा.
दोर तिथंच, वेटोळं करून,
टोक आत दडपलेलं, जसं खलाशाचं पोर ठेवतं.
म्हणजे गाठ त्याला पहिल्या रात्रीच सोडता येत होती.
तो भाऊ येईल म्हणून थांबला होता,
की आपण पळालो तर भावाला मारतील म्हणून,
हे कोर्टात कुणी विचारलं नाही.

शार्दूल तेव्हा वेरावळच्या एका बोटीवर होता.
अजूनही असेल.
दिग्याला सात वर्षं, हुजैफला सात,
मला चार, कारण पोरानं साक्षीत
बिस्किटांचंही सांगितलं.
वकिलासाठी दिग्याच्या काकानं ‘जलकन्या’ विकली.
कुणी घेतली, मला आत कळलं नव्हतं.

आता मी बंदरावर बर्फ फोडतो.
परवा ती धक्क्याला लागली. नाव तेच, रंग नवा.
नाळेवर एक तरुण, मिशी नीट फुटलेली,
धक्क्यावर कोण आहे न बघता
त्यानं दोर फेकला.
मी खांबाला बांधला.
वरनं, खालनं, मागनं. आवळला.

तो उतरला. गाठीकडे बघितलं.
सोडली.
पुन्हा बांधली.
मग बर्फाचा भाव विचारला.