परतीची तारीख

गुरुवारी दुपारी दोन ते पाच
आमच्या क्लबचं गोदाम उघडं असतं,
अग्निशमन बंबाच्या शेडमागे.
आत सतरा चाकाच्या खुर्च्या, नऊ वॉकर,
एक पलंग, ज्याची कळ फक्त व्हालमोरलाच कळते,
आणि कुबड्या.
कुबड्या मोजताना नेहमी एक जास्तीची उरते,
कारण कुणीतरी एकच परत आणतो
आणि दुसरीचं विचारलं की टोपी काढून डोकं खाजवतो.

वही माझ्याकडे.
भाडं नाही, अनामत नाही.
नाव, गल्ली, काय मोडलंय, कधीपर्यंत हवं.
परतीची तारीख पेन्सिलीनं.
हाडांना कॅलेंडर वाचता येत नाही.

जूनमध्ये, दक्षिण ब्राझीलच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत,
चर्चच्या आवारात आम्ही तीनशे कोंबड्या भाजल्या.
व्हालमोर धुरानं डोळे चोळत तिकिटं मोजत होता:
दर चाळीस कोंबड्यांमागे एक चाक.
खुर्चीत बसणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

दार्सी बेकरीवाला दर सभेत म्हणायचा,
फुकटची किंमत नसते, पैसे घ्या, साखळी लावा.
मग तो कौलं शाकारताना छपरावरून पडला.
मागच्या दारानं आला, बायकोच्या खांद्यावर.
मी लिहिलं: टाच. बाकी काही लिहिलं नाही.
खुर्ची परत देताना म्हणाला, डावा ब्रेक कुरकुरतो,
आणि पुढच्या गुरुवारी तेलाची बुधली घेऊन
सतराच्या सतरा खुर्च्यांखाली उकिडवा बसला.
सभेत तो अजूनही साखळीचंच बोलतो.

जोडी क्रमांक एकतीस.
नेणारा एर्विनो, खुबा.
ऑक्टोबरात गेला.
दोनदा निरोप पाठवला, उत्तर नाही,
तेव्हा मार्चमध्ये मीच निघाले नदीकाठच्या गल्लीत,
वही पिशवीत, तोंडात ठरवलेली वाक्यं.

परसात त्या उभ्या होत्या,
दोन्ही, जमिनीत वीतभर रोवलेल्या,
मध्ये सुतळीची जाळी,
आणि वर शूशूचा वेल, नुसता दाटलेला.
बगलेत धरायच्या रबरी गादीवरून
मुठीएवढी हिरवी फळं लोंबत होती.

लेओकादिया म्हणाली, तुमचंच आहे, न्या.
आणि विळा घेऊन आली.
मी म्हटलं, थांबा.
तिनं तुंब्यातून येर्बाचा कडू काढा दिला,
नळी आधी स्वतः ओढून पाहिली, ऊन आहे का म्हणून.
मग म्हणाली, शेवटी शेवटी तो इथपर्यंतच यायचा.
दारापासून अकरा पावलं.
इथे टेकून कोंबड्यांना शिव्या द्यायचा.
जागा मोकळी दिसायला लागली, म्हणून वेल लावला.
विळा तिच्या मांडीवर होता.
वेल कापायला तिचा हात सरसावत नव्हता,
माझ्या तोंडातली वाक्यं गिळून झाली होती.

त्याच आठवड्यात जेद्सोन आला,
चौदा वर्षांचा, घोटा फुटबॉलनं नेलेला.
खुंटीवर ती एकटी, जास्तीची.
मी त्याला खरं काय ते सांगितलं नाही.
दार्सीनं फावड्याचा दांडा कापला,
वर पावाच्या पिठाची रिकामी गोणी गुंडाळून शिवली,
आणि पोरगं गेलं टक्, ठप्, टक्, ठप् करत,
दोन वेगळ्या उंचींवर डुलत.
रात्री मला ते टक्‌ठप् बराच वेळ ऐकू येत होतं.
मी बरोबर केलं असं मी म्हणणार नाही.

एप्रिलच्या सभेत वही अध्यक्षांपुढे गेली.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
एकतीस नंबर अजून बाहेर? कुणाचा पाय?
टेबलाखाली माझ्या पायाशी
लेओकादियानं पाठवलेल्या शूशूंची पिशवी होती,
तिचं तोंड सुटून एक फळ घरंगळत
त्यांच्या बुटापर्यंत गेलं.

मी रबरानं तारीख खोडली.
मे लिहिला. पेन्सिलीनंच.