सरळ रेषेत

नागपूर ते बंगलोर, पौर्णिमानं मोबाईलवर दाखवलं,
नऊशे वीस किलोमीटर, सरळ रेषेत.
एक तास पंचेचाळीस मिनिटं.
मी म्हटलं, बाई, आपल्या वाघदऱ्याहून पांढरकवडा
बावीस किलोमीटर आहे
अन् त्यालेच एक तास लागते.
सरळ रेषा आपल्या इकडे विजेच्या तारेची.
तेही झोल खाऊन.

बॅग कापसाच्या काट्यावर मोजली.
पंधरा किलो चालते म्हणे, भरली सोळा.
मायनं सगळं बाहेर काढलं,
सगळं परत भरलं,
तुरीची डाळ तशीच राहू दिली.

अकराले निघालो.
रपट्यावर कोणाच्या तरी बंडीचं चाक फसून होतं,
ते काढू लागलो.
बंगलोर खाली दक्षिणेले
अन् आमची गाडी वर उत्तरेले.
वडकी, हिंगणघाट, जाम,
बुटीबोरीपर्यंत तिनं खिडकीची काच धरून ठेवली.
माझ्या गाडीची काच धरावीच लागते.

विमानतळाच्या दारात शिपाई.
तिकीट नाही तर इथंच थांबा.
थांबलो.
घटकाभरानं ती काचेपाशी आली,
शिपायानं पिशवी बाहेर दिली.
डाळ. एक किलो.
काचेतून तिचं तोंड हललं, आवाज नाही आला.

सहा चाळीसचं विमान.
तिनंच हिशोब मांडला होता,
पंधरा मिनिटांत ते आपल्या गावाच्या डोक्यावर येते.
आम्ही पाच तास जिथून आलो,
तिथं परत, पंधरा मिनिटांत,
उतरता मात्र येत नाही.
माय सहा पंचावन्नले
बॅटरी घेऊन अंगणात उभी राहणार होती.

जामले चहा घेऊन राहिलो तं फोन.
काका, मी अजून बसलीच आहे.
लेट आहे. आठ वाजतील म्हणते.
मी मायले फोन लावला. लावला. परत लावला.
वाघदऱ्यात रेंज टाकीखालीच येते
अन् माय अंगणात.

वडकीजवळ पंक्चर.
जॅक लावून राहिलो होतो,
वरून एक दिवा गेला, लाल, लागते-विझते.
घड्याळ पाहायले हात मोकळा नव्हता.

पोचलो तं साडेअकरा.
माय जागीच.
दिसली बाप्पा, म्हणे, बरोब्बर टायमावर!
मी बॅटरी हलवली
तं तिनं बी वरून दिवा मिचकावला.
कोणाचं विमान असेल ते,
हैदराबादचं, दिल्लीचं,
आतमधी कोणी झोपलं असेल, कोणी जेवत असेल.
मी काही बोललो नाही.
पिशवी दिली.
तिनं हातावर तोलून पाहिली.
किलोले कमीच भरते हे, म्हणे,
वापस कायले पाठवली?

मग कंदील खाली ठेवून, हळूच,
उतरली ना पण?
उतरली, म्हटलं. दहाले फोन आला होता.
हे खरं होतं.
गाडीच्या मीटरवर तीनशे चव्वेचाळीस,
मी होतो तिथंच.