डमी आउटपुट

तपकीर गल्लीतून आठ हजार सातशेला घेतलेला लॅपटॉप,
पाठीवर हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीचं स्टिकर,
खरवडलं तरी अर्धा बारकोड उरलेला.
आत लिनक्स.
दुकानदार म्हणाला, ताई, फुकट आहे, पण हट्टी आहे.
म्हटलं, चालेल. घरात सवय आहे.

मी ऐकून लिहिते, मिनिटाला अठरा रुपये.
लोक बोलतात, मी टंकते.
खोकला आला की कंसात खोकला.

या आठवड्यात सावळेराम गव्हाणे, वय एक्याऐंशी,
भोसरीच्या रेडिओ कारखान्यात
एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर.
एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी सांगायला घेतलं,
"सेट मुका आला ना, की पहिलं काम..."
आणि कोपऱ्यात खिडकी उघडली : अपडेट तयार आहे.
मी हो म्हटलं.
माणूस हो म्हणतो.

परत सुरू झालं तेव्हा कर्ण्यावर फुली.
सेटिंगमध्ये एकच नाव : डमी आउटपुट.
म्हणजे गव्हाणे बोलतायत,
रेघ पुढे सरकतेय, सेकंद मोजले जातायत,
आवाज निघतोय व्यवस्थित
आणि कुठेही जात नाहीये.

काळी खिडकी उघडून पॅकेज मागवलं.
कुलूप मिळालं नाही,
ते प्रक्रिया क्रमांक २९१७ कडे आहे.
थांबले. भात लावला. २९१७ उठली.
मग कळलं, हे त्याच्यावर अवलंबून आहे
आणि ते बसवलं जाणार नाही.
का नाही, ते नाही सांगत.
शेवटची ओळ :
तुम्ही मोडकी पॅकेजं धरून ठेवली आहेत.

रात्री पावणेबाराला, धायरीत, तिसऱ्या मजल्यावर
हे मला इतक्या शांतपणे
आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

वारज्याला पराशरला फोन लावला, आतेभाऊ,
जागाच असतो.
म्हणाला, काढून टाक आणि परत बसव.
काढलं. त्याच्याबरोबर आणखी चौदा गेली,
त्यात प्रिंटर.
म्हणाला, मग जुन्या कर्नलवर जा.
मी मोठ्यानं विचारलं, जुना कर्नल सापडेल कुठे?
आतून बाबा, खडकीच्या सॅपर्समधले निवृत्त हवालदार,
झोपेतच ओरडले :
कुठला कर्नल?

जुना कर्नल यादीत तिसरा निघाला.
त्याला कार्ड ओळखता आलं, डमी गेलं,
नाव आलं खरं, लांबलचक, आकड्यांसकट.
आवाज नाहीच.
पराशर म्हणाला, आता झोप.
फोन ठेवला, झोपले नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी
उभ्या खांबांच्या त्या पडद्यावर पोचले.
मास्टर नावाच्या खांबाखाली दोन अक्षरं, एम एम.
एकच कळ दाबायची होती.
दाबली. तिथे दोन शून्यं उगवली, हिरवी.
शून्य म्हणजे चालू. त्यांची पद्धत.

चाचणीतली बाई म्हणाली, फ्रंट लेफ्ट,
इतकी खणखणीत
की समोर बी विंगमध्ये दिवा लागला.
फ्रंट राइट म्हणेपर्यंत मी हेडफोन खोचला.

मग गव्हाणे, एकेचाळिसावं मिनिट.
"...पहिलं काम चहा. गरम असतानाच प्यायचा.
मग बघायचं, बटण कुणी खाली केलंय का.
धातले सात तिथंच सुटायचे.
उरलेले तीन खोलायचे."

दहातले, असं असणार. ते धा म्हणतात.
मी धा ठेवलं.

पुढे ते हसले.
मागे भांडं पडलं, घरातली कुणी बाई काहीतरी बोलली,
आणि हे एकदम गप्प झाले,
सात सेकंद.
तीनदा ऐकलं, नाही लागलं.
अशा वेळी कंसात अस्पष्ट लिहून पुढे जायचं असतं,
अठरा रुपयांत तेवढंच बसतं.

खाली टँकर आलाय, मोटर घरघरतेय.
खिडकी लावून घेतली.
चौथ्यांदा ऐकतेय.