गरम पाणी

पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी
मी पायसांदूच्या हमरस्त्यावरच्या पंपावर गेलो.
घरापासून अकराशे पावलं. मोजली,
कारण मोजताना
दुसरं काही डोक्यात शिरत नाही.

काचेमागे विल्मार. रात्रपाळी.
शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
भागाकारात कच्चा. त्यानंतरच्या तीस वर्षांत
आमचं बोलणं म्हणजे हवा, पेट्रोल, सुटे पैसे.
वाटेत एक वाक्य जुळवलं होतं,
चारदा मोडून पुन्हा जुळवलेलं.
तोंडातून निघालं ते भलतंच :
"गरम पाणी मिळेल?"

इथे सगळेच मागतात. ट्रकवाले, सुइणी, पोलीस,
बगलेत थर्मास धरून.

विल्मारनं माझ्या हातांकडे पाहिलं.
"एल्बियो, थर्मास कुठंय?"

थर्मास घरी होता.
मी आपला तळवे उघडे करून उभा.

मग त्यानं विचारलं, सरळ,
टायरमध्ये हवा किती भरू विचारतो तसं :
"जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?"

हो, म्हणालो.
एवढासा शब्द, पण जबडा दुखला.
तो दचकला नाही. म्हणजे, दचकला,
पण पळाला नाही.
दिवे मालवले, पाटी उलटी केली.
मालक ओरडेल, म्हणाला. ओरडू दे.

त्यानं स्वतःचा माते भरला :
भोपळ्यात कडू पाला, वर पाणी, दोघांत एकच नळी.
आमच्याकडे रीत अशी,
की पुरे झालं असेल तरच
भोपळा परत देताना "ग्रासियास" म्हणायचं.
नाही म्हटलं, तर तो पुन्हा भरून येतो.

मी काय काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.
बरंचसं शब्दांत नव्हतंच.
त्यानं उपदेश केला नाही. दोनदा जांभई आली,
दोन्ही वेळा माफी मागितली.
बहिणीचा नंबर त्यानंच फिरवला,
माझी बोटं ऐकत नव्हती.
"नेल्बा निघालीय. सातला दवाखाना उघडतो,
मी सहाला सुटतो. बरोबर येतो."

दर वेळी भोपळा परत घेताना
तो क्षणभर थांबायचा, माझ्या ओठांकडे बघत.
मी काही म्हणायचो नाही.
तो भरायचा.

उजाडेपर्यंत पाल्याची चव गेली होती.
विल्मारनं तो कुंडीत झाडला, नवा घातला.
"आता परत कडू लागेल हं."

माहीत होतं मला.
हात पुढे केला.