बोहनी

उणे सव्वीसमध्ये चिकटपट्टी चिकटत नाही,
हे मला तिसऱ्या खांबाशी कळलं.
आता रोल कोटाच्या आत ठेवते, काखेत,
मांजराचं आजारी पिल्लू सांभाळावं तसा,
आणि खांब आला की दातांनी तोडते.

पहाटे पाचला थंडर बे झोपलेलं असतं.
सरोवरावरून येणारा वारा
पोस्टर आधी वाचतो, मग ओढतो.
शाळेची बस गरम व्हायला वीस मिनिटं लागतात,
तेवढ्यात माझे नऊ खांब होतात.

पोस्टरवर फार काही नाही.
डेल्फीन मकाय. एक गिटार. गाणी तिची तिनंच लिहिलेली.
शनिवारी सात वाजता, कर्लिंग क्लबच्या माडीवर.
दहा डॉलर, नसतील तर राहू देत.
वाटाण्याचं सूप मिळेल.
सूप मी करते, हे लिहिलेलं नाही.
खाली माझा फोन नंबर बारा वेळा,
कात्रीनं कापलेल्या बारा चिठोऱ्या
फडफडतात झालरीसारख्या.

कुणी फाडत नाही.
म्हणून प्रत्येक पोस्टरची पहिली चिठोरी मीच फाडते.
बोहनी व्हायला हवी ना.
रिकाम्या दुकानाची पायरी कोण चढतं?
कोटाच्या खिशात आता
माझेच एकोणतीस नंबर जमलेत.

बसमधल्या मुलांना सांगते, घरी सांगा.
मुलं घरी काहीच सांगत नाहीत.
दाताच्या डॉक्टरला सांगितलं, तोंडात कापूस असताना,
त्याला वाटलं, दुखतंय.

ऐमो म्हणतो, ती तुझी कोण लागते गं?
कोणी नाही.
टायरच्या दुकानात नंबर लागायची वाट बघत होतो
आम्ही दोघी, शेजारी अनोळखी.
ती हळूच काहीतरी गुणगुणत होती.
बापाचा डबा, तो गेल्यावर उघडलेला,
आत कांद्याचं अर्धं सँडविच, कागदात नीट गुंडाळलेलं.
माझे टायर बदलून झाले होते.
माझं नाव दोनदा पुकारलं,
मी उठले नाही.

आणि खरं सांगायचं तर
मला ती माडी भरलेली हवी आहे
आणि नकोही आहे.
चारशे माणसांत ती मला ओळखेल का,
असा एक कोता विचार
नवव्या खांबाशी येतो, दर वेळी.
मी त्याच्यावरही पोस्टर लावते.

शनिवारी दुपारपासून बर्फ.
चौदा जण आले,
त्यातले चौघे खालचं बर्फ तयार होईस्तोवर
ऊब घ्यायला बसलेले खेळाडू.
खालून दगडावर दगड आदळायचा,
ती तो ठेका धरून घ्यायची, हसायची.
चौथ्या गाण्यात थांबली.
शब्द गेले.
गिटार तेच दोन सूर फिरून फिरून वाजवत राहिली,
दार सापडेना अशा माणसासारखी.
मी मागून, हातात पळी तशीच,
पुढची ओळ बोलले. गायले नाही, मला गाता येत नाही.
"तीच," ती म्हणाली,
आणि आत शिरली.

नंतर कानटोपीतला एक पोरगा सुपाशी आला.
बर्फ उपसायचा ट्रक चालवतो, नाव ओरिन.
हातमोज्यातून काढून दाखवली: चिठोरी.
"फोन करू की नको करत राहिलो,
शेवटी आलोच."
शाई ओघळून शेवटचे दोन आकडे गेले होते.
केला असतास तरी लागला नसता रे.
त्याला दुसऱ्यांदा सूप वाढलं.

चार लिटर उरलं. आठवडाभर तेच खातोय,
ऐमो काही बोलत नाही, पण ती डब्याची ओळ
भांडी घासताना त्याच्या तोंडात येते, बेसूर.

मार्चमध्ये ती पुन्हा गाणार आहे.
तेव्हा उणे आठ असेल.
चिकटेल.