कच्ची प्रत

ग्वाल्हेरला, दौलतगंजातल्या माझ्या दुकानात
कॅमेरा एका क्लिकला दोन फायली देतो.
जेपेग तर लगेच तयार:
गाल गुळगुळीत, रंग उजळ.
अप्पांच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण
त्याला नॉइज वाटले, पुसून टाकले.
आई म्हणाली, "हे कोण रे?"

मग रॉ उघडली.
तीस एमबीचं मळकट, हिरवट काहीतरी,
फोडी करून ठेवलेल्या कैरीसारखं.
भिंतीवर लावलं तर लोक विचारतील, आजारी होते का?
पण वण सगळे होते. एकोणीस. मोजले.
मफलरचा सुटलेला धागासुद्धा,
आणि मागे किल्ला, असून नसल्यासारखा.

मुरांब्यातून कैरी परत काढता येत नाही,
म्हणून मंद आचेवर बसलो रात्रभर.
सावली थोडी उचलली.
उबेची पट्टी उजवीकडे सरकवली,
जरा जास्तच.

फ्रेम पदरानं पुसत आई बघत राहिली.
"त्या दिवशी ऊन छान पडलं होतं, नाही?"

जानेवारी होता. पडलं नव्हतं.
मी हो म्हणालो.

कच्ची फाइल वेगळ्या डिस्कवर आहे.
तिच्यात अजून गच्च धुकं,
आणि अप्पा, खिशात कानटोपी चाचपताना.